सुन यू: मूकपटांसाठी गाणी लिहिणारा चिनी दिग्दर्शक

फिल्म मेकिंग शिकणाऱ्या एका मुलाने विचारलंय की चीनमध्ये असा कोणी जुना दिग्दर्शक झाला का जो स्वतःच्या सिनेमाची गाणीपण स्वतःच लिहायचा, त्याचं आयुष्य आणि करिअर नीट समजावून सांगा, आणि त्याचे सिनेमे बघायचे तर सुरुवात कुठून करू.

झाला ना. सुन यू त्याचं नाव. मी गेली सव्वीस वर्षं एडिटिंग करतोय, बरीचशी डॉक्युमेंटरी आणि काही फीचर, आणि शिकवायला जातो तेव्हा जे दोन-तीन सिनेमे मी हमखास दाखवतो त्यातला एक या माणसाचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सुन यूचे सगळ्यात चांगले सिनेमे मूकपट आहेत. आणि तरी तो गीतकार आहे. म्हणजे पडद्यावरची माणसं बोलत नव्हती तेव्हा हा त्यांच्यासाठी गाणी लिहीत होता. हे कसं काय, आणि का, हे एकदा कळलं की त्याचं सगळं काम उलगडतं असं माझं मत आहे.

जन्म १९०० चा, चोंगचिंगचा. घर शिकलेलं. शाळा त्यानचिनच्या नानकाय शाळेत, म्हणजे जिथे पुढे चीनचे पंतप्रधान झालेले चाऊ एन लाय शिकले तिथेच, हे नाव लक्षात ठेव, पुढे परत येणार आहे. मग पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, छिंगहुआ कॉलेजात, आणि तिथे असतानाच १९१९ चं ४ मेचं विद्यार्थी आंदोलन झालं, त्या पिढीतला हा मुलगा. १९२३ मध्ये अमेरिकेला गेला, विस्कॉन्सिन विद्यापीठात साहित्य आणि नाटक शिकला, आणि प्रबंधाला विषय काय घेतला तर ली बायच्या कवितांची इंग्रजी भाषांतरं. ली बाय म्हणजे आठव्या शतकातला थांग काळातला कवी, चिनी माणसाला तो आपल्या तुकोबांसारखा तोंडपाठ असतो. मग तिथून न्यूयॉर्कला जाऊन फोटोग्राफीच्या संस्थेत कॅमेरा, डेव्हलपिंग, एडिटिंग असं हाताने करायचं काम शिकला, आणि कोलंबिया विद्यापीठात रात्रीच्या वर्गांना पटकथा आणि दिग्दर्शन. त्या काळी शांघायमध्ये जे लोक सिनेमा बनवत होते ते बहुतेक नाटकातून नाहीतर धंद्यातून आलेले. परदेशात जाऊन सिनेमाचं असं पद्धतशीर शिक्षण घेऊन आलेला माणूस त्यांच्यात जवळजवळ नव्हताच. एका हातात ली बाय आणि दुसऱ्या हातात फिल्मची कात्री, असा हा १९२६ मध्ये परत आला. पुढे लोक त्याला 'कवी दिग्दर्शक' म्हणायला लागले ते उगाच नाही.

सुरुवातीचे दोन सिनेमे फार चालले नाहीत, ते सोडून देऊ. १९३० मध्ये लुओ मिंगयौ नावाच्या माणसाने लिआनहुआ कंपनी काढली, या लुओकडे उत्तर चीनमध्ये थिएटरं होती आणि त्याला तलवारबाजीच्या आणि भुताखेतांच्या सिनेमांचा कंटाळा आला होता, शिकलेला प्रेक्षक परत थिएटरात आणायचा होता, आणि त्यासाठी त्याने जी माणसं गोळा केली त्यात सुन यू. त्याने पहिल्याच वर्षी 'जुन्या राजधानीतलं वसंतस्वप्न' आणि 'रानफुलं' असे दोन सिनेमे दिले आणि दोन्ही चालले. दुसऱ्यात रुआन लिंगयू आणि जिन यान होते. रुआन लिंगयू माहीत नसेल तर एवढंच सांगतो की मूकपटांच्या जगात चेहऱ्यावर इतकं काही घडू देणारी नटी क्वचित झाली. जिन यान मूळचा कोरियन, आणि पुढे त्याला शांघायच्या सिनेमाचा 'सम्राट' म्हणायचे.

'रानफुलं'ची गोष्ट एका गरीब फुलवालीची आहे जी पुढे गायिका होते. आता नायिकाच गायिका, आणि सिनेमा मूक. सुन यूने काय केलं, तर एक गाणं लिहिलं, 'भावाच्या शोधाचं गीत', चाल त्याचा सख्खा भाऊ सुन छंगबी याने लावली, रुआन लिंगयू आणि जिन यान दोघांकडून ते तबकडीवर गाऊन घेतलं, आणि सिनेमात तो प्रसंग आला की थिएटरात तबकडी वाजायची. चिनी सिनेमातलं पहिलं गाणं म्हणून सहसा हेच धरतात.

इथे जरा थांबतो, कारण हे माझं क्षेत्र आहे. तबकडीवर आवाज आणि फिल्मवर चित्र, हे जुळवणं म्हणजे किती जिवावरचं काम असतं ते आज कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला कळणार नाही. सुई नेमक्या खाचेत ठेवायची, प्रोजेक्टर नेमक्या वेळी सुरू करायचा. आणि फिल्म मध्ये तुटली तर? फिल्म तर तुटतेच. ऑपरेटर खराब फ्रेमा कापून जोड देतो, पण तबकडीतून तेवढा आवाज कापता येत नाही ना, मग जितक्या फ्रेमा गेल्या तितकीच काळी फिल्म मध्ये जोडावी लागते, नाहीतर तिथून पुढे ओठ एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. एवढी कटकट कोण कशाला घेईल? ज्याला ते गाणं त्या प्रसंगात हवंच आहे तोच घेईल. गाणं नसतं तर सिनेमा थोडा कमी गोड झाला असता एवढ्यावर भागत असतं तर तो माणूस या भानगडीत पडलाच नसता.

१९३१ मध्ये चीनचा पहिला बोलपट आला, तरी पुढची चार-पाच वर्षं शांघायमध्ये मूकपट बनतच राहिले. यंत्रं महाग, आणि आवाजाची सोय असलेली थिएटरं मोठ्या शहरांपलीकडे कमी. लिआनहुआ तर मूकपटांना चिकटूनच होती. आणि मला विचारशील तर सुन यूच्या दृष्टीने हे फार चांगलं झालं, कारण त्याला भाषणं लिहायची गरज पडली नाही.

१९३२ ते १९३४ या तीन वर्षांत त्याने जे काम केलंय ते बघून अजून माझा जीव हरखतो. 'रानगुलाब' (१९३२), 'ज्वालामुखीतलं रक्त' (१९३२), 'पहाट' (१९३३), 'छोटी खेळणी' (१९३३), 'क्रीडाराणी' (१९३४), आणि मग 'दा लू', म्हणजे 'मोठा रस्ता'. चिनी नावांची मराठी करून देतोय, शोधताना दिग्दर्शकाच्या नावाने शोध म्हणजे घोळ होणार नाही.

यातला एक धागा फार जणांच्या लक्षात येत नाही. शांघायमध्ये ली जिनहुई नावाच्या संगीतकाराची एक नाचगाण्याची मंडळी होती, 'मिंगयुए' म्हणजे 'लख्ख चंद्र'. तिथल्या मुली स्टेजवर नाचायच्या, गायच्या, धावायच्या, उड्या मारायच्या. सुन यूने 'रानगुलाब'साठी याच मंडळीतली वांग रनमेई उचलली, तिची ती पहिली मुख्य भूमिका. मग ली लिली, तीही तिथलीच, आणि तिला तर त्याने सिनेमामागून सिनेमे दिले. आणि याच मंडळीत युन्नान प्रांतातल्या कुनमिंगहून आलेला एक पोरगा व्हायोलिन वाजवायचा, त्याचं नाव निए अर. याच निए अरने पुढे १९३५ मध्ये एका सिनेमासाठी जी चाल बांधली ती आज चीनचं राष्ट्रगीत आहे. म्हणजे बघ, सुन यूच्या नायिका आणि त्याचा संगीतकार एकाच नाचगाण्याच्या मंडळीतून आले. आवाज नसलेल्या सिनेमात त्याने गाणारी माणसं आणून ठेवली. ली लिली पडद्यावर नुसती चालते तरी तिच्या चालण्याला लय आहे, खांदे, पाय, हसणं, सगळं तालात. गाणाऱ्या माणसाचं शरीर वेगळं असतं, ते कॅमेऱ्याला दिसतं, आणि याला ते आधीच दिसलं होतं.

'पहाट'मध्ये ली लिली खेड्यातून शांघायला आलेली मुलगी आहे. सूतगिरणीत कामाला लागते, मालकाच्या मुलाच्या तावडीत सापडते, वेश्यावस्तीत ढकलली जाते, आणि शेवटी क्रांतिकारकांना मदत करताना पकडली जाते. तिला गोळ्या घालायला उभं करतात तेव्हा ती सांगते की मी सगळ्यात छान हसेन तेव्हा झाडा. हा शेवट हॉलीवूडच्या १९३१ च्या एका गाजलेल्या हेर-सिनेमावरून सुचलाय हे उघड आहे, तिथली नायिका मरायच्या आधी लिपस्टिक लावते. पण तिकडची नायिका स्वतःपुरती सुंदर मरते, आणि ही मुलगी समोरच्या शिपायांकडे बघून हसते. त्या हसण्यावर क्लोजअप धरलाय तो किती वेळ धरलाय ते मोजून बघ, मी विद्यार्थ्यांना मोजायला लावतो. घाबरट एडिटर तिथे लवकर कापेल.

'छोटी खेळणी'त रुआन लिंगयू आणि ली लिली आई-मुलगी आहेत, खरंतर दोघींच्या वयात पाच-सहा वर्षांचंच अंतर असेल. आई गावात हाताने खेळणी बनवते, तिकडे कारखान्यातली परदेशी खेळणी बाजारात येऊन हिचा धंदा बसतो, लहान मुलगा चोरीला जातो आणि शांघायच्या एका श्रीमंत घरात विकला जातो, मुलगी १९३२ मध्ये जपानशी झालेल्या शांघायच्या लढाईत मरते. पुढे एक दिवस तो मुलगाच येऊन तिच्याकडून खेळणं घेतो आणि दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. शेवटी नववर्षाचे फटाके वाजतात आणि तिला वाटतं बॉम्ब पडतायत, ती रस्त्यात उभी राहून लोकांना ओरडून सांगते की शत्रू आला, उठा. हा शेवटचा भाग रुआन लिंगयूने असा केलाय की आवाज नसताना तो ओरडा कानात बसतो. (ती १९३५ च्या ८ मार्चला गेली, आत्महत्या, वय अवघं २४.) आणि एक लक्षात ठेव, त्या वेळच्या सेन्सॉरमुळे पडद्यावर जपानचं नाव घेता यायचं नाही, म्हणून या सगळ्या सिनेमांत नुसतं 'शत्रू' असतं.

आता 'दा लू'. तयार झाला १९३४ मध्ये, लागला १९३५ च्या १ जानेवारीला. याच्यासाठीच तर मी एवढं लिहितोय.

सहा मजूर लष्करी रस्ता बांधतायत. एवढीच गोष्ट. शत्रू चाल करून येतोय, सैन्य पुढे जायला रस्ता हवा, आणि गावचा जमीनदार फितूर आहे, तो काम बंद पाडायला बघतो, पोरांना कोंडून मारतो, मग खानावळीतल्या दोन मुली, मोली आणि दिंगश्यांग, त्यांना सोडवतात. सिनेमा अर्धामुर्धा बोलपट आहे, म्हणजे संवाद पाट्यांवर, पण गाणी आणि काही आवाज फिल्मवर. म्हणजे संपूर्ण सिनेमात माणसाच्या तोंडून शब्द ऐकू येतात ते फक्त गाण्यात. याचा काय परिणाम होतो विचार कर. माणसं बोलतात तेव्हा शांतता, आणि रस्ता सपाट करणाऱ्या रोलरचा दोर एकत्र ओढतात तेव्हा आवाज.

'मोठ्या रस्त्याचं गाणं' सुन यूने लिहिलं आणि चाल निए अरची. (सिनेमातलं दुसरं गाजलेलं समूहगान 'वाट काढणारे' हे निए अरचंच, पण शब्द सुन यूचे नाहीत, सुन शियी या दुसऱ्या लेखकाचे, आडनाव एक म्हणून लोक घोळ करतात.) गाणं सुरू होतं ते शब्दांनी नाहीच, हैया होच्या जवळ जाईल अशा हाकाऱ्याने. मग शब्द येतात, साधे, की सगळ्यांनी मिळून घाम गाळायचा, दोर एकदम ओढायचा, रोलर डोंगराएवढा जड असला तरी भ्यायचं नाही, रस्त्यातले उंचसखल सपाट करत पुढे जायचं. यात काही मोठं काव्य आहे का? कागदावर वाचलं तर नाही. ली बायवर प्रबंध लिहिलेल्या माणसाला याहून नटवं लिहिता आलं नसतं का? आलं असतं. पण त्याने जाणूनबुजून इतकं तोडलंय की प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यायला जागा आहे, कारण दोर ओढणारा माणूस ओढताना श्वास सोडतो आणि पुढचं पाऊल टाकताना घेतो, आणि ओळ तेवढीच हवी. आपल्याकडे जात्यावरची ओवी जशी जात्याच्या फेऱ्याने बांधलेली असते तसंच, बाईचा हात जितका फिरेल तितकीच ओळ. हे टेबलावर बसून यमक जुळवणाऱ्याला सुचत नाही. आणि दिग्दर्शकच गीतकार असल्याचा फायदा इथे दिसतो, कारण ओळ लिहितानाच त्याच्या डोक्यात शॉट ठरलेला असणार, तिरपा दोर, वाकलेल्या पाठी, खालून वर बघणारा कॅमेरा. मी वर्गात हा भाग आवाज बंद करून दाखवतो आणि मुलांना बाकावर ठेका धरायला सांगतो. पाच-सहा कट झाले की ठेका आपोआप गाण्यावर जातो. चित्रातच गाणं आहे.

सुरुवात बघ कशी केलीय. दुष्काळात घर सोडून निघालेलं कुटुंब, वाटेतच आई मरते, बाप मुलाला सांगतो की चालत राहा, वाट शोध. मग तो मुलगा वाढत जातो आणि प्रत्येक वयात तो रस्त्याच्या कामावर आहे, दोर खांद्यावर. वाढून झाला की जिन यान. काही मिनिटांत अख्खं आयुष्य.

आणि मोलीचं गाणं. ली लिली खानावळीत फंगयांगच्या ढोलकीच्या लोकगीताच्या चालीवर गाते. फंगयांग म्हणजे आनहुईमधला दुष्काळी भाग, तिथून माणसं शतकानुशतकं ढोलकी वाजवत भीक मागत बाहेर पडायची, त्यांचं हे गाणं. मजूर हसतायत, ठेका धरतायत, ती डोळे मिचकावत गातेय, आणि मध्येच सुन यू कापतो पूर, युद्ध, निर्वासित यांच्या दृश्यांवर. गाणं तसंच चालू. परत आपण खानावळीत येतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे बदललेले. मी स्वतः डॉक्युमेंटरीत ही युक्ती कितीतरी वेळा वापरलीय आणि दरवेळी मनात म्हणतो की ही त्याची.

या सिनेमात नदीत उघडे अंघोळ करणारे पुरुष आहेत आणि काठावरून बघून हसणाऱ्या दोघी मुली आहेत, १९३४ मध्ये. दोघी एकमेकींना बिलगून कोण कोणावर प्रेम करते ते बोलतात आणि मोली म्हणते मला सगळेच आवडतात. तेव्हाच्या काही डाव्या समीक्षकांना त्याचा हा शरीराचा आनंद, ही स्वप्नाळू वृत्ती खटकायची. मला उलट वाटतं. ज्यांच्या शरीरावर आख्खा देश ओझी लादतोय त्या शरीरांना त्याने सुंदर दाखवलं, आणि दयेने नाही, कौतुकाने दाखवलं.

शेवट सांगतो, सांगितल्याने बिघडत नाही. रस्ता पूर्ण होतो, शत्रूचं विमान येतं, मशीनगनने सगळ्यांना टिपतं. दिंगश्यांग वाचते. ती म्हणते ते मेले नाहीत. आणि तिच्या डोळ्यांसमोर पडलेल्या देहांतून पारदर्शक आकृत्या उठतात, दोर खांद्यावर घेतात आणि गात पुढे निघतात. दुहेरी एक्स्पोजर, अगदी साधी ट्रिक, फिल्म मागे गुंडाळून परत चालवायची. पण ती उभी आहे गाण्यावर. ते गाणं आपण आधी घामाचं म्हणून ऐकलंय, आता मेलेले लोक गातायत. नंतरच्या वर्षांत जपानविरोधी मोर्चांमधून ते खरंच लोक गात होते. निए अर मात्र त्याच वर्षी गेला, १७ जुलै १९३५, जपानमध्ये समुद्रात पोहताना बुडून, वय २३.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो. सुन यूची तब्येत बिघडली, मध्ये काही कमी जोराचे सिनेमे झाले, १९३७ मध्ये जपानी सैन्यापुढे शांघाय पडायला लागल्यावर तो वूहानमार्गे चोंगचिंगला गेला, म्हणजे जन्मगावीच, पण आता ती युद्धकाळची राजधानी आणि रोज बॉम्बवर्षाव. तिथे त्याने विमानदलावर आणि कारखान्यातल्या कामगारांवर असे दोन सिनेमे केले. (आपले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८-३९ च्या हिवाळ्यात याच चोंगचिंगमध्ये थांबून मग कम्युनिस्टांच्या यानआनच्या तळावर गेले. या दोघांची भेट झाली असं मला सुचवायचं नाही, फक्त ते शहर आणि तो काळ डोळ्यासमोर यावा म्हणून सांगितलं.)

१९४४ मध्ये चोंगचिंगला ताओ शिंगझी हे शिक्षणतज्ज्ञ त्याला भेटले आणि एक चित्रमय चरित्र हातात दिलं, म्हणाले यावर सिनेमा कर. ते चरित्र होतं वू श्युनचं. शानतुंग प्रांतातला हा माणूस, १८३८ ते १८९६, घरची गरिबी, अक्षरओळख नाही, म्हणून मालकाने हिशोबात फसवून मजुरी बुडवली. तेव्हापासून त्याने ठरवलं की गरिबांच्या पोरांसाठी फुकट शाळा काढायची, आणि त्यासाठी तो जन्मभर भीक मागत राहिला. आणि भीक कशी मागायचा? गाऊन! तिथल्या तिथे यमकं जुळवून. सिनेमात तो लोकांना म्हणतो मला मारा, एका बुक्कीचा एक पैसा, एका लाथेचे दोन. सुन यूला हा विषय का लागला असेल हे मला विचारायची गरज वाटत नाही. दोर ओढणाऱ्यांच्या तोंडी गाणं देणारा माणूस, त्याला मार खात गाणारा भिकारी सापडला.

सिनेमा पूर्ण व्हायला सहा वर्षं गेली. १९४८ मध्ये सरकारी स्टुडिओत शूटिंग सुरू झालं, साधारण एक तृतीयांश काम झालं आणि बंद पडलं. मग शांघायच्या कुनलुन या खासगी कंपनीने ते हातात घेतलं. तोवर १९४९ उजाडलं, कम्युनिस्टांची सत्ता आली. पटकथा बदलली. एक शिक्षिका मुलांना गोष्ट सांगते आणि वू श्युनच्या मर्यादाही दाखवते अशी चौकट जोडली, सशस्त्र लढणाऱ्या झोऊ दा या मित्राचं पात्र मोठं केलं. वू श्युनच्या भूमिकेत झाओ दान, त्या काळचा सगळ्यात मोठा नट. १९५० च्या शेवटी सिनेमा झाला आणि १९५१ च्या सुरुवातीला लागला. पेकिंगमध्ये चाऊ एन लाय आणि सेनापती चू दे यांनीही पाहिला, आवडला. वर्तमानपत्रांत कौतुकाचा पाऊस.

आणि २० मे १९५१ ला पक्षाच्या मुखपत्रात, 'पीपल्स डेली'त, पहिल्या पानावर अग्रलेख आला. तो माओने लिहिला होता. म्हणणं असं की चिनी जनता जुलमाविरुद्ध लढत होती त्या काळात ज्याने सरंजामी व्यवस्थेला बोटही लावलं नाही, उलट तिचीच संस्कृती पसरवायला तिच्या राज्यकर्त्यांपुढे लाचारी केली, त्याचं कौतुक होऊच कसं शकतं. ज्यांनी कौतुकाचे लेख लिहिले त्यांची नावं आणि लेखांची यादी त्यात छापली. नव्या चीनमध्ये एका सिनेमावरून देशभर चालवलेली ही पहिली राजकीय मोहीम. शानतुंगला चौकशी पथक गेलं, त्यात माओची पत्नी जियांग चिंग टोपणनावाने होती, आणि वू श्युन हा सावकार-जमीनदार होता असा अहवाल निघाला. सुन यूने जाहीर आत्मटीका लिहिली. चाऊ एन लाय यांनाही चूक कबूल करावी लागली. १९५२ पर्यंत शांघायचे खासगी स्टुडिओ सरकारजमा झाले, आणि या प्रकरणानंतर पटकथा लिहायलाच लोक घाबरायला लागले, सिनेमांची संख्या धाडकन खाली आली.

इथे मला मनापासून वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. सिनेमात त्रुटी आहेत, लांब आहे, आणि जोडलेली चौकट ठिगळासारखी दिसते, पण ती ठिगळं त्याने तशी लोकांच्या सूचना मानून लावली होती. ज्याने जन्मभर कष्टकऱ्यांवर सिनेमे केले त्यालाच कष्टकऱ्यांचा शत्रू ठरवलं. पुढची पाच-सहा वर्षं त्याच्या नावावर सिनेमा नाही. मग १९५७ मध्ये यांगत्सेवर जहाज चालवायला शिकणाऱ्या मुलींवरचा एक, १९५८ मध्ये प्राचीन सुतार लू बानच्या दंतकथांवरचा एक, आणि १९६० मध्ये एक लोकनाट्यावरचा, आणि दिग्दर्शन संपलं. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) परत छळ झाला. सप्टेंबर १९८५ मध्ये पक्षाचे मोठे नेते हू छ्याओमू यांनी जाहीर सांगितलं की त्या वेळची टीका अत्यंत एकांगी, टोकाची आणि रासवट होती. तेव्हा सुन यू ८५ वर्षांचा. सिनेमाची डीव्हीडी चीनमध्ये उघडपणे मिळायला २०१२ साल उजाडलं, आणि तो १९९० मध्येच गेला होता.

म्हातारपणी त्याने दोन पुस्तकं काढली. एक आत्मचरित्र, १९८७ चं. आणि त्याआधी १९८२ मध्ये ली बायच्या कवितांची स्वतः केलेली इंग्रजी भाषांतरं. विस्कॉन्सिनमध्ये विशी-पंचविशीत सुरू केलेलं काम त्याने ऐंशीनंतर पूर्ण केलं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा काम बाजूला ठेवून बसून राहिलो होतो थोडा वेळ.

आता कुठून सुरू करू याचं उत्तर. चरित्र वाचून 'वू श्युन'पासून सुरू करू नकोस, तीन तासांच्या वर आहे आणि त्याच्याभोवती राजकारण इतकं आहे की सिनेमा दिसतच नाही. आधी 'दा लू', मग 'पहाट', मग 'छोटी खेळणी', हे तीनही ऑनलाइन सबटायटल्ससकट सापडतात. मूकपटांवर नंतर कोणीतरी पियानो चढवलेल्या कॉपी असतात, तो पियानो पहिल्या वेळी बंद कर, तो तुझ्यासाठी भावना ठरवून टाकतो. 'दा लू'च्या बाबतीत मात्र दोनदा बघ. एकदा पूर्ण आवाज बंद करून, आणि रोलर ओढण्याच्या शॉटमध्ये कट कुठे पडतो ते कागदावर रेघा मारून ठेव. दुसऱ्यांदा आवाजासकट, आणि हाकारा कुठे येतो त्याच्या रेघा त्याच कागदावर खाली मार. दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघ आणि मला फोटो पाठव, त्यावर आपण बोलू.